मोंबासात केळ्याला काय म्हणतात

इनास,

तू गेलास हे सांगायला तुझी नात रेचल आमच्या वाडीत आली, तेव्हा मी केळीच्या बुंध्याशी वाकून पिलं काढत होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. पोरीचा चेहरा रडून सुजला होता, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "कोन म्हनतो?"  मग मी हात धुतले, कुंपणातल्या फटीतून तुमच्या अंगणात आलो, तुला डोळ्यांनी पाहिलं, आणि मग कुठे मला खरं वाटलं. तुझ्या बाबतीत आयुष्यभर मी हेच केलं. शेवटच्या दिवशी तरी वेगळं कशाला वागेन?

आता महिना झाला. लोकांनी तुझ्याबद्दल जे चांगलं बोलायचं ते बोलून झालं आहे. देवळात फादर बोलले, मग तुझा मुलगा बोलला, ज्यांना तू धड आवडायचा नाहीस तेही चार शब्द बोलून गेले. मी त्या दिवशी मागच्या बाकावर गप्प बसून होतो, आणि सगळे वळून वळून माझ्याकडे बघत होते. बघणारच. आगेराच्या सणाला मी काय केलं ते भुईगावात कोणाला माहीत नाही?

मला तुझे गुण गायचे नाहीत. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते मला पुरं करायचं आहे. तू ऐकतोस की नाही याचीही मला शंकाच आहे, पण लिहितो.

तू बोटीवर भंडारी होतास, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी, एवढं गावाला माहीत होतं. तुझी बोट कुठे कुठे जायची हे मात्र गावाला फक्त तुझ्या तोंडून कळायचं, आणि माझ्या मते तिथेच पाणी मुरत होतं. बाकीचे बोटीवाले येताना टेपरेकॉर्डर आणायचे, साड्या आणायचे, सेंटच्या बाटल्या आणायचे. तू काय आणायचास? शब्द. तेही एकाच वस्तूचे. आल्या आल्या कुंपणापाशी येऊन निळ्या पुठ्ठ्याची वही उघडायचास आणि म्हणायचास, "दाम्या, बोल, केळ्याला कोलंबोत काय म्हनतात?"

सुरुवातीला मी मानत होतो, हे तुला मान्य करावं लागेल. कोलंबोत केसेल म्हणतात, असं तू म्हणालास तेव्हा मी मान हलवली. केळं, केला, केसेल, एका आईची लेकरं वाटत होती. मनिलात सागिंग, तेही ठीक. ब्राझीलच्या सांतोसला बनाना, आणि तिथूनच पोर्तुगीज लोकांनी तो शब्द अर्ध्या जगात पोचवला असेल, असं तू म्हणालास. मी म्हटलं, "वसईत एवढी वर्षं राहिले, पाव दिला, चावी दिली, आनि केळ्याला आपलाच शब्द ठेवला?" तू म्हणालास, "आपली केळी त्यांच्या आधीची, म्हनून." त्या दिवशी तुझा मला अभिमान वाटला होता. बोललो नाही, ती गोष्ट वेगळी.

मग मोंबासा आलं. मी ओट्यावर बसून तंबाखू मळत होतो. तू वहीत बघून म्हणालास, "मोंबासात तुंबाकू म्हनतात." मी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्या तळहाताकडे बघितलं.

"माझा हात बघून सुचला ना तुला?"

"देवाशपथ, दाम्या."

"कोनाच्या देवाची? तुझ्या का माझ्या?"

तू हसलास आणि गोष्ट सांगायला लागलास, की मोंबासाच्या गेटवर शिपायाने पिशवीत हात घातला आणि... मी तुला तिथेच तोडलं. म्हटलं, शिपायाचं राहू दे, असली लोणकढी थाप माझ्यापुढे नको. ती गोष्ट मी आजवर पुरी ऐकलेली नाही.

त्यानंतर तुझ्या प्रत्येक शब्दाकडे मी चाळणी घेऊन बसलो. बसऱ्यात तमर, तो मला टमाट्याचा भाऊ वाटला. इझमीरला सुजुक, मी म्हटलं, आपल्या सुकेळीतला, वाळवलेल्या केळ्यातला 'सु' उचलला आणि पुढे काहीतरी जोडलंस. योकोहामात होशिगाकी, तू म्हणालास, "एका म्हाताऱ्यानं वास घेतला, दाबून बघितली..." आणि मी म्हटलं, म्हाताऱ्याचं नाव काय, पत्ता काय? बार्सिलोनात पुरो. मी हात जोडले आणि म्हणालो, आता पुरे. तू चिडायचास, लाल व्हायचास, पण वही बंद करून पुन्हा दुसऱ्या दिवशी यायचास. एकदा मी म्हटलं, तुझी नल्ली दाखव. नल्ली म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, त्यात कुठल्या बोटीवर किती दिवस ते लिहिलेलं असतं. तू म्हणालास, "विश्वास आसेल तर बस, नायतर ऊठ." ओटा माझा होता, इनास. माझ्याच ओट्यावरून मला उठवत होतास. तुझं चुकत नसतं तर नल्ली दाखवायला काय जात होतं, असं मी तेव्हा मनात धरलं, आणि धरलं ते सोडलं नाही.

तू वादही असे घालायचास की माणूस गोंधळून जाईल. "पेरूला पेरू कोनी नाव दिला? तो तर देश हाय. तुला चालतो ना? मग त्यांनी केळ्याला कायपन म्हनावा, तुझं काय जातं?" यावर मला उत्तर सुचायचं नाही, म्हणून मी जास्तच संशय घ्यायचो. ज्याच्या बोलण्यावर उत्तर सापडत नाही तो माणूस प्रामाणिक असेल, यावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

आता आईचं सांगतो. ते टाळून पुढे जाता येत नाही.

तू प्रत्येक फेरीला निघालास की आमची आई तुला सुकेळी द्यायची. दोन-तीन डझन. आमच्याच बागेतली राजेळी, पिकल्यावर सोलायची, मांडवावर उन्हात आठवडाभर वाळवायची, संध्याकाळी झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा उघडायची. काळपट तांबूस झाली, मधासारखी चिकट झाली, की केळीच्या बुंध्याच्या सुकलेल्या सोपटात गुंडाळून एकेक बांधायची. "पोराला बोटीवर गोड खायला कोन देतो?" असं म्हणत ती तुझी पिशवी भरायची. मला घरात मोजून दोन मिळायच्या. माझा तेव्हापासूनचा संशय होता की तू त्या खात नाहीस, बंदरावर विकतोस. कारण एकदा मी तुला विचारलं, "आईची सुकेळी कशी होती?" तर तू म्हणालास, "मला एकच मिळाली." दोन डझनांतली एक? मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्यानं वाटली आसतील." मी म्हटलं, "वाटली का विकली, तुला काय माहीत?"

तुझी शेवटची फेरी चालू असताना आई गेली. तू तिच्यानंतर तीन आठवड्यांनी परतलास आणि सामान न सोडता आमच्याकडे आलास. ओट्यावर बसलास, खिशातून एक सुकेळी काढून माझ्या हातात दिलीस. सोपट सुटलेलं नव्हतं, आईने बांधलेली गाठ तशीच होती. "ही तिची शेवटची," म्हणालास, "ही कोनाला दाखवली नाय." मग तू वही उघडलीस. आई गेल्यानंतर पहिल्यांदा भेटतोयस आणि वही उघडतोस! "जकार्तात एका बाईनं," असं तू सुरू केलंस, "हातात घेतल्या घेतल्या म्हनाली, पिसांग साले."

मला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला. घरात सुतक संपून थोडेच दिवस झाले होते, आत बायका बसल्या होत्या, आणि तू ओट्यावर 'साले' म्हणतोस. मी तुला काय काय बोललो ते आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणं सोयीचं आहे, खरं तर सगळं आठवतं. तू वही मिटलीस आणि गेलास. आणि ती सुकेळी? मी ती डब्यात ठेवली होती. काही दिवसांनी मुंग्या लागल्या म्हणून टाकून दिली. माझ्या आईच्या हातची शेवटची सुकेळी तू अर्धं जग ओलांडून परत आणलीस, आणि मी ती उकिरड्यावर टाकली.

तरी आपण पुन्हा बोलायला लागलो. कुंपणाला लागून राहणारी माणसं किती दिवस अबोला धरणार? आमच्या घरी आजारपण आलं तेव्हा दवाखान्यात तीन दिवस तू माझ्याबरोबर बाकड्यावर बसलास, तुझ्या बायकोने, मार्थाने, दोन्ही वेळचा डबा पाठवला. त्या तीन दिवसांत तू एकदाही केळ्याचा विषय काढला नाहीस. ते मी विसरलेलो नाही. पण आभार मानायचे राहून गेले, आणि शब्दांवरचा माझा संशय मात्र वाढतच गेला.

मग हे गेल्या ऑक्टोबरचं. आगेराच्या सणाला देवळात नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादाला आणल्या, मग हॉलमध्ये मुलांनी आपापल्या वस्तू मांडल्या. रेचलने तुझ्या वहीवरून मोठा चार्ट केला होता: 'केळं: जगाच्या तोंडी'. मधोमध केळीचा घड रंगवला होता आणि भोवती तुझे शब्द, बंदरांच्या नावांसकट. तू इस्त्रीचा शर्ट घालून चार्टपाशी उभा होतास आणि येईल त्याला वाचून दाखवत होतास. मी लांबून बघत होतो. तुझ्याभोवती गर्दी, सगळे माना डोलावताहेत, कोणी मोबाईलवर फोटो काढतोय. आणि त्या चार्टवर, खालच्या कोपऱ्यात, 'जकार्ता: पिसांग साले'.

माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे. बागेतल्या घडांवर खुणा करायला खिशात पेन्सिल असते माझ्या. ती काढली, चार्टपाशी गेलो, आणि तुंबाकूपुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग तमरपुढे. सुजुकपुढे, होशिगाकीपुढे, पुरोपुढे. सहावं जकार्तापुढे, ते जरा मोठं काढलं.  तू एवढंच म्हणालास, "दाम्या, नको." मी मोठ्याने म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पोरांना खोटं शिकवू नको. हा मानूस मोंबासाला उतरला तरी होता का, ते आधी विचारा." कोणीतरी हसलं. तुझ्या मुलाने चार्ट काढून गुंडाळला. तू शर्टाच्या बाह्या सारख्या केल्यास आणि न जेवता घरी गेलास.

तीन महिने आपण एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहिलो. तुझा खोकला मला ऐकू यायचा. माझा रेडिओ तुला ऐकू जात असणार. जानेवारीत तू गेलास.

तू गेल्यावर बारा-पंधरा दिवसांनी रेचल माझ्याकडे आली. एका हातात गुंडाळलेला चार्ट, दुसऱ्या हातात निळी वही. पोरगी तशी थेट आहे, तुझ्यावर गेलीय. म्हणाली, "दामूआजोबा, आजोबांच्या महिन्याच्या मिस्साला हा हॉलमध्ये लावायचा असं मम्मी म्हणते. पण पापा म्हणतात, परत तमाशा नको. तुम्हीच सांगा. आजोबा खोटं बोलत होते का? बोलत असतील तर मी हा फाडून टाकते. मला काही वाटणार नाही." तिला वाटणार होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी म्हटलं, बघूया. हातच्या काकणाला आरसा कशाला? तुझा मोबाईल काढ. ती शोधत गेली, वाचत गेली. मोंबासाकडच्या भाषेत केळ्याला न्दीझी म्हणतात. बसऱ्यात मौज. तुर्कस्तानात मूझ. जपानात सरळ बनाना. स्पेनमध्ये प्लातानो. जकार्तात नुसतं पिसांग. कोलंबो, मनिला, सांतोस बरोबर निघाली, आणि मी ज्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं ते सहाच्या सहा शब्द चुकीचे.

मी जिंकलो होतो, इनास. चाळीस वर्षांचा वाद मी जिंकलो. रेचल उठली. चार्ट तिथेच ठेवून गेली, वही पण. मी वही उघडलीसुद्धा नाही. मेलेल्या माणसाला उघडं पाडून काय मिळालं, असा विचार मनात आला, आणि लगेच दुसरा आला, की माझा मित्र आयुष्यभर माझ्या तोंडावर थापा मारत होता आणि मी त्याच्यावर माया केली. यातलं जास्त काय दुखलं ते सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मी सातिवलीला गेलो. माझ्या पुतण्याचा तिथे पुठ्ठ्याचे खोके करायचा छोटा कारखाना आहे. हल्ली सुनबाई आमची सुकेळी खोक्यांत घालून गिऱ्हाइकांना पाठवते, तिला नवे खोके हवे होते. मापासाठी मी चार-पाच सुकेळी, सोपटात बांधलेल्या, पिशवीत घालून नेल्या. तिथे खोके कापणारा एक कारागीर आहे, पन्नाशीचा, बंगालकडचा. मी एक सुकेळी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "ये इसमें बसना चाहिए. तुम्हारे उधर इसको क्या बोलते?" सहज विचारलं. त्याने ती उलटसुलट केली, नाकाशी नेली.

"चुरुट?" तो म्हणाला.

"ते काय असतं?"

त्याने दोन बोटं ओठांशी नेऊन धूर सोडल्यासारखं केलं. शेजारचा दुसरा कामगार पुढे झाला, त्याने चिमटीत धरून दाबली आणि विचारलं, "काका, सूखी मछली है क्या?"

"अरे, केला है, केला!" मी ओरडलो.

"ये? केला?" दोघेही हसायला लागले. मीही हसायला तोंड उघडलं, आणि तसाच राहिलो. पुतण्या म्हणाला, "काका, बरं नाही वाटत का? पानी देऊ?" मी त्याच्या स्टुलावर बसलो.

तुझ्या पिशवीत ताजी केळी कुठून असणार, इनास? आठ दिवसांत काळी पडली असती. तुझ्या पिशवीत होती आईची सुकेळी. ज्या बंदरात केळीवाला बोटीजवळ यायचा, तिथे तू घडाकडे बोट दाखवून विचारलंस, आणि तिथले शब्द बरोबर आले. जिथे कोणी नव्हतं, तिथे तू हीच वस्तू, सोपटात बांधलेली काळी कांडी, माणसांपुढे धरलीस आणि विचारलंस, याला काय म्हणतात? दुसऱ्या कुठल्या गावचा माणूस असं करेल? केळं म्हटल्यावर पिवळं फळ आठवायचं सोडून सुकेळी पुढे करणारा आपल्या वसईचाच असणार.

घरी आलो तो चार्ट आणि वही घेऊन थेट रेचलकडे. म्हटलं, मोबाईल काढ, आता उलटं विचार, या शब्दांचा अर्थ काय ते विचार. तुंबाकू म्हणजे तंबाखू. तमर म्हणजे खारीक-खजूर. सुजुक म्हणजे सुकवलेल्या मांसाची कांडी. पुरो म्हणजे चिरूट. होशिगाकी हे जपानातलं एक फळ, सोलून, टांगून वाळवलेलं. रेचल वाचत होती आणि मला एकेक माणूस दिसत होता. पिशवीत हात घालून "तंबाखू?" विचारणारा तो मोंबासाचा शिपाई. वास घेऊन, दाबून बघणारा तो योकोहामाचा म्हातारा. ज्यांच्या गोष्टी तू सांगायला निघालास आणि मी सांगू दिल्या नाहीत, ते सगळे. थापाच मारायच्या असत्या तर तू कुठल्याही पुस्तकातून बरोबर शब्द उचलले असतेस. तुझे शब्द चुकीचे होते, त्यावरूनच कळलं, तू तिथे गेला होतास. तू खरंच विचारलं होतंस, आणि लोकांनी खरंच उत्तर दिलं होतं.

शेवटी जकार्ता. रेचलने 'पिसांग साले' टाकलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. फोटो होता. मांडवावर, उन्हात, सोललेली केळी ओळीने वाळत घातलेली, काळपट तांबूस. क्षणभर मला वाटलं, आमचंच अंगण. तिथल्या सुकवलेल्या केळ्यांचं नावच ते आहे. अख्ख्या जगात त्या एका बाईने आईची सुकेळी बघितल्याबरोबर ओळखली होती.

मग मी वही उघडली. पहिल्यांदाच. जकार्ताच्या शब्दाखाली तुझ्या वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ आहे: 'हिनं बरोबर ओळखली. ती पण अशीच करते. दाम्याच्या आईला सांगायचं.'

तू तेच सांगायला आला होतास. आई नव्हती, म्हणून मला सांगत होतास.

माझ्या स्वभावाला औषध नाही. ही ओळ वाचून मी रडलो, आणि डोळे पुसता पुसता मनात शंका आली. 'हिनं बरोबर ओळखली' म्हणजे बाकीच्यांनी ओळखली नाही, हे तुला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस? एका वाक्यात भांडण मिटलं असतं. की माझी जिरवायची म्हणून थांबला होतास, कधीतरी दाम्या स्वतःहून विचारेल म्हणून? याचं उत्तर आता मिळायचं नाही. पण मी तरी काय विचारलं तुला? 'खरं कशावरून' एवढंच विचारत राहिलो. 'कसं विचारलंस, काय दाखवलंस' हे एकदाही विचारलं नाही. आणि दोन डझनांतली तुला एकच का मिळायची, तेही आता कळलं. ज्याला ज्याला विचारलंस, त्याच्या हातात एकेक ठेवून आलास.

काल तुझी महिन्याची मिस्सा झाली. चार्ट आणि वही मी रेचलकडे परत ठेवून आलो होतो; तिने चार्ट हॉलमध्ये लावला, त्याच खिळ्याला. तुझा मुलगा माझ्यावर नजर ठेवून होता. जेवणं सुरू व्हायच्या आधी मी उठलो, तेव्हा दोघे-तिघे बाकावरून अर्धे उठलेच. त्यांना वाटलं असेल, म्हातारा परत पेन्सिल काढतोय. मी रेचलकडून खोडरबर मागून घेतलं होतं. चार्टपाशी गेलो आणि एकेक प्रश्नचिन्ह खोडलं. जकार्ताचं मोठं होतं, त्याला वेळ लागला, कागद तिथे खरवडला गेला, खूण राहिलीच. मग मी वळलो आणि बोललो. "ऑक्टोबरात मी सगळ्यांसमोर इनासला खोटा म्हनालो. तो खोटा नव्हता. मी ऐकून घेतला नाय." मग शिपायाची, म्हाताऱ्याची, त्या बाईची गोष्ट सांगितली, मला जेवढी कळली तेवढी. तुझ्यासारखी रंगवून सांगता आली नाही. लोक हसले, पण या वेळी तुझ्यावर नाही हसले.

तुझी मार्था पहिल्या बाकावर होती. ती उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, बरं म्हणेल, हात धरेल. ती म्हणाली, "आता बोलतोस, भाऊ? तीन महिने तो खुर्ची कुंपनाकडे तोंड करून बसायचा. तुला नाय दिसला?"

दिसला होतास, इनास. रोज दिसायचास. मला वाटलं, माझ्यावर पाळत ठेवतोयस.

 मार्थाने पिशवीतून वही काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही आता तुझ्याकडंच ठेव. घरात कोन वाचनार?" एवढं बोलून ती वाढायला गेली.

आज सकाळी ओट्यावर बसून मी वही उघडली. शेवटच्या पानावर जकार्ताखाली जागा होती. पेन्सिलीला टोक केलं आणि, तुझ्यासारखंच आधी गाव, मग शब्द, असं लिहिलं: 'सातिवली: चुरुट'. त्या कारागिराला मी एक सुकेळी देऊन आलो होतो, तेही खाली लिहिलं. शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढायला हात वळवळला. काढलं नाही.